मनालीच्या बदलीचं साटंलोटं

नेरुळ,
सोमवार, ५ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप अक्का यांस धाकट्या सुधीरचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही चौघेही खुशाल आहोत (चौघेही हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, त्याचं पुढे येईल). दाजींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की मालिशने बराच उतार आहे, आणि त्याच पत्राच्या शेपटाला तू लिहिलं होतंस की काडीचा उतार नाही. गुडघा त्यांचा असल्यामुळे मी त्यांच्या बाजूने आहे. तुझा शिवणक्लास जोरात चालला असेल. मनालीची खोली रिकामी झाल्याबरोबर तू तिथे तीन मशिनं मांडलीस आणि गल्लीतल्या मुली रांगेने शिकायला येऊ लागल्या, हे वाचून मला फार आनंद झाला. म्हणजे, वाचलं तेव्हा झाला होता. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा निरोपाचा फोन समोरच्या शहांच्या दिवाणखान्यात, आणि शहा मंडळी रिसीव्हर तुझ्या हातात देऊन आत जातात तेव्हा कान बाहेरच ठेवून जातात. प्रकरण नाजूक आहे, म्हणून पत्र लिहितो आहे.

तुला पूर्वपीठिका ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण पहिल्यापासून लिहिल्याशिवाय मला राग नीट येत नाही. बँकेने मला परभणीला टाकलं, तिथून गडहिंग्लजला, तिथून चिपळूणला. सुमेधाची शाळेतली नोकरी वाशीला, म्हणून ती आणि निखिल वाशीच्या भाड्याच्या खोलीत. मनाली अकरावीपासून तुझ्याकडे कराडला, पुढे इंजिनियरिंगलाही तिथेच. एका कुटुंबाला तीन दारं, आणि तिन्ही दारांवर दुसऱ्याच कुणाची तरी पाटी. दर सुट्टीच्या आधी मनालीचं एक कार्ड यायचं, त्यात एकच ओळ असायची: बाबा, या सुट्टीत कुठे उतरू? कधी मी कळवायचो गडहिंग्लज, कधी वाशी, आणि एकदा तर माझी बदली मधेच झाल्यामुळे पोरगी जुन्या गावी उतरून घरमालकाकडे दोन दिवस राहिली (त्यांनी फार प्रेमाने ठेवून घेतली, पण तो मुद्दा नाही). आणि मग या एप्रिलमध्ये देव एकदाचा प्रसन्न झाला. नेरुळच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, आणि त्याच महिन्यात माझी बदली महापे शाखेत झाली. म्हणजे सकाळी घरून निघायचं आणि संध्याकाळी त्याच घरी परत यायचं. ज्यांच्या बदल्या होत नाहीत अशा माणसांना यात काय विशेष ते कळणार नाही.

मी पहिलं काम काय केलं असेल तर दारावरची पाटी करायला टाकली. पितळी अक्षरं, आणि चौघांची नावं: सुधीर, सुमेधा, मनाली, निखिल. सुमेधाचं म्हणणं, आडनाव पुरे, एवढी नावं रेशनकार्डावर असतात. पण मी हट्टाने लावली. तेव्हा मनालीची ट्रान्सफर म्हणजे नुसती औपचारिकता आहे असं मला जो भेटेल तो सांगत होता. मार्क चांगले, कराडच्या कॉलेजचं ना-हरकत पत्र हातात, इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा रिकाम्या. आणखी काय पाहिजे? तू तिला डबाभर बेसनाचे लाडू देऊन आणि डोळे पुसत निरोप दिलास. मी तुला ते लांबलचक आभाराचं पत्र लिहिलं, आता तुझी जबाबदारी संपली वगैरे (ते पत्र तू जपून ठेवलं असशील तर फाडून टाक). मी तिला आणायला कळंबोलीच्या एसटी थांब्यावर गेलो. लोखंडी सळया लादलेल्या ट्रकांच्या मधोमध ही बया ट्रंकेवर बसून लाडू खात होती आणि दोन ट्रकवाल्यांनाही दिले होते. मला इतका आनंद झाला की मी ट्रंक एकट्याने उचलली आणि त्यानंतर आठवडाभर वाकू शकलो नाही.

झालं असं की जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रान्सफरवाल्या मुलांची यादी लागणार होती. मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मनालीला घेऊन कॉलेजात गेलो. बोर्डावर यादी नव्हती. यादीच्या जागी एक कागद होता, आणि त्यावर असं की विद्यापीठाच्या आदेशान्वये, अपरिहार्य कारणास्तव, यंदाचे बदलीचे सर्व प्रवेश रद्द करण्यात येत आहेत, संबंधितांनी नोंद घ्यावी. संबंधित म्हणजे आम्ही. आम्ही नोंद घेतली. मग शेजारच्या जळगावच्या मुलाने घेतली आणि तो तिथेच मटकन खाली बसला, कारण तो तिथल्या हॉस्टेलातली गादी विकून आला होता. एक मुलगी आजारी आईजवळ राहता यावं म्हणून नागपूरहून येणार होती, ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मनाली रडली नाही. तिने कागद दोनदा वाचला आणि 'संबंधितांनी'मधली वेलांटी चुकली आहे एवढंच म्हणाली. मी मनात म्हटलं, पोरीला धक्का बसला आहे.

तिथल्या तिथे कॅन्टीनमध्ये आम्ही पालकांनी कृती समिती स्थापन केली. धुळ्याचे मानसिंग नावाचे गृहस्थ होते, भारदस्त मिशा आणि त्याहून भारदस्त आवाज, ते अध्यक्ष झाले (म्हणजे त्यांनी तसं जाहीर केलं). पहिला तासभर समितीच्या नावात गेला. मानसिंगांना 'अन्यायग्रस्त' हवं होतं, एका बाईंचं म्हणणं 'ग्रस्त' म्हटलं की पूरग्रस्तांसारखं वाटतं आणि लोक जुने कपडे आणून देतात. शेवटी 'अन्यायपीडित बदली-इच्छुक पालक कृती समिती' असं ठरलं, आणि एवढं नाव निवेदनाच्या माथ्यावर लिहिल्यावर मजकुराला जागा थोडी उरली. ते निवेदन आम्ही खिडकीवर दिलं. खिडकीतल्या माणसाने त्यावर 'पोचलं' असा शिक्का मारला आणि एक प्रत आम्हाला परत दिली. मानसिंग विजयी मुद्रेने म्हणाले की बघा, दखल घेतली. दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला निघून गेले, आणि तेव्हापासून समिती म्हणजे मी एकटाच आहे.

मी काही स्वस्थ बसणाऱ्यातला नाही, तुला माहीत आहे (लहानपणी हरवलेल्या चपलेसाठी मी सगळी आळी पालथी घातली होती आणि ती माझ्याच पायात निघाली होती, ही गोष्ट तू सगळ्यांना सांगतेस तशी ती नव्हती, पण असो). मी विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. खिडकीवर विचारलं की रद्द का केलं. खिडकी म्हणाली, वरून आलंय. आमच्या बँकेतही सगळं वरूनच येतं, तेव्हा मी सरळ जिना चढलो. पहिल्या मजल्यावरच्या साहेबांनी चहा विचारला आणि म्हणाले, वरून आलंय. दुसऱ्या मजल्यावरही वरून, तिसऱ्यावरही वरूनच. मी चढत गेलो आणि शेवटी एक दार ढकललं तर गच्ची. तिथे सिताराम नावाचे शिपाई ओला शर्ट पायपावर वाळत घालून बनियनवर डबा खात बसले होते. मला धाप लागली होती. मी त्यांना विचारलं की वरचे लोक कुठे बसतात. त्यांनी घास गिळला, इकडेतिकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, याच्या वर आता पान्याची टाकी हाय."

तिथे टाकीच्या सावलीत बसून मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, आणि सांगता सांगता मला युक्ती सुचली. अक्का, बँकेत उभा जन्म घालवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. वरचे बदली देत नाहीत, तेव्हा खालच्यांनी आपसात करून घ्यायची. याला म्युच्युअल म्हणतात. तुला इथून तिथे जायचं, मला तिथून इथे यायचं, दोघांनी अर्ज करायचा, बँकेचं काही बिघडत नाही. परभणीहून मी सुटलो तो याच मार्गाने, सासुरवाडी परभणीची असलेला एक भला माणूस शोधून. तेव्हा मनालीसाठी इथल्या कॉलेजातून कराडला जाणारा कुणी मिळाला, तर विद्यापीठाचं काय जातं? मुलं तेवढीच राहतात, बाकं तेवढीच राहतात. सिताराम हसले नाहीत. म्हणाले की आमच्या करावे गावातल्या गोटीरामचा तेजस त्याच कॉलेजात तुमच्या मुलीच्याच वर्षाला आहे, दिवसभर गावच्या मैदानात बॅटबॉल खेळतो, आणि बाप म्हणतो याला कुठे तरी लांब पाठवा. मला गच्चीवरच देव भेटल्यासारखं झालं.

गोटीराम म्हणजे गावातली बडी असामी. पूर्वी भातशेती होती, आता इमारती आहेत आणि रेती-सिमेंटचा धंदा. माणूस मोठा अगत्याचा. मी ओळखदेख नसताना गेलो तर खुर्ची झटकून दिली, थंड बाटली फोडली, पंखा माझ्याकडे वळवला. पण म्युच्युअल हे काही त्यांच्या पचनी पडेना. मी बँकेची पद्धत सांगितली, कागदावर कराड आणि नेरुळ काढून दोन बाण काढले, तरी ते मान हलवत नुसते हसत होते. शेवटी मी म्हटलं, आपण इंग्रजी शब्द वापरतो हेच चुकतं, स्वच्छ मराठीत बोलावं. आणि बोललो, "सोपं सांगतो. हे साटंलोटंच समजा. आमच्याकडून एक, तुमच्याकडून एक."

(तू आता कपाळावर हात मारला असशील. साटंलोटं म्हणजे दोन घरांनी एकमेकांची मुलगी सून करून घ्यायची, दुहेरी सोयरीक, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आम्ही बँकेत म्युच्युअलला गमतीने साटंलोटंच म्हणतो, आणि गमतीने म्हणता म्हणता मूळ अर्थ माझ्या डोक्यातून साफ उतरला होता.)

गोटीराम एकदम गंभीर झाले आणि त्यांनी बायकोला, गोजराबाईंना, आतून बोलावून घेतलं. त्या दाराशी पदर सावरून उभ्या राहिल्या. मुलगी किती वर्षांची, काय शिकते, अशी चौकशी झाली. मला ती साहजिकच वाटली. मग तुम्हाला आणखी कोण, असं विचारलं. मी म्हटलं, एक मुलगा आहे, निखिल. काय करतो? म्हटलं, दहावीला आहे. तेव्हा गोटीरामांना ठसका लागला आणि मीच त्यांना पाणी दिलं. एवढी घाई का, असं त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं की वर्ग सुरू झाले आहेत, जे काय व्हायचं ते याच पंधरवड्यात उरकायला हवं. मुलीची तयारी आहे का? म्हटलं, ट्रंक भरून बसली आहे. मग गोजराबाई हळूच म्हणाल्या की पत्रिका तरी बघायला पाहिजे. अक्का, मला इतकं बरं वाटलं. इतके दिवस मी बॅगेत मनालीची गुणपत्रिका घेऊन सगळीकडे फिरतोय आणि विद्यापीठातल्या एकानेही बघायला मागितली नाही, आणि ही माउली स्वतःहून मागते. मी लगेच काढून दिली. गोटीरामांनी चष्मा लावून ती पुढून पाहिली, मागून पाहिली आणि गुण किती म्हणून विचारलं. मी म्हटलं अडुसष्ट टक्के, मशीन ड्रॉइंगला जरा कमी आहेत पण बाकी चांगले. आता आपणही विचारावं म्हणून मी तेजसचे गुण विचारले. गोजराबाई म्हणाल्या, "त्याचं गुन सांगावं तेवरं थोरं." मी थोर असं ऐकलं आणि त्यांचं अभिनंदन केलं (त्यांच्या बोलीत थोडंचं थोरं होतं, हे मला नंतर कळलं). विचार करून रविवारी सहकुटुंब येतो, असं ते म्हणाले, आणि मी शीळ घालत घरी आलो.

काल रविवारी सगळे आले. गोटीराम कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गोजराबाई अंगभर सोनं घालून, त्यांची बारावीतली मुलगी रंजिता, आणि मागे मान खाली घालून तेजस. हातात नारळ, पेढे आणि एका पिशवीत साडी. (अक्का, हा कंस ओलांडून पुढे जा. गोजराबाईंचं माहेर उरणजवळच्या मोरा बंदराचं, तिथून आदल्या दिवशीच आल्यामुळे त्यांनी सोबत सुके बोंबीलही आणले होते. ते बाहेर गॅलरीतच ठेवले आहेत, निखिल अधूनमधून गॅलरीत अभ्यासाला जातो.) आमचा वॉचमन बंडू त्यांना वाजतगाजत वर घेऊन आला, आणि तोवर समोरच्या विंगच्या सगळ्या खिडक्यांत कुणी ना कुणी उभं होतं. सुमेधाला वाटलं कॉलेजच्या कामाला माणसं आली आहेत, तिने पोहे केले. तिचे हात गुंतलेले म्हणून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली मनाली. त्याबरोबर सगळे सावरून बसले. तेजस पंख्याकडे बघू लागला. मनालीने त्याला ताटली देत विचारलं की तुमच्याकडे थर्मोडायनॅमिक्सला कोण शिकवतं, आणि त्या पोराला बिचाऱ्याला नाव आठवेना.

पोहे झाले. गोटीराम बायकोकडे बघत राहिले, तेव्हा गोजराबाईंनी ताटली खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. पोरगी गुनाची हाय, दिसतंच हाय. पन तिला आदी इंजनेर होऊ द्या. आमी आमच्या रंजिताला पन शिकवनार हाव, तिचा इचार आताच नाय. पोरीला घरातून काडायची एवरी घाई कशाला करताव?"

नारळ आणि साडी होती ती होकाराची नव्हती. नकार द्यायचा, पण चांगल्या माणसांना रिकाम्या हाताने कसा द्यायचा, म्हणून आणलेली होती. पण हे सगळं माझ्या डोक्यात नंतर शिरलं. त्या क्षणी मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं, आणि मी एकदम ओरडल्यासारखा बोललो, "अहो, काढतोय कुठे? मी तिला घरी आणतोय."

आवाज जरा चिरकला असावा, कारण सुमेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. अक्का, तुला म्हणून सांगतो, मला फार वाईट वाटलं. मनाली माझ्याकडे राहून राहून राहिली किती? ती चहात साखर घेत नाही हे मला या जूनमध्ये कळलं. ती झोपताना उशी पायाशी घेते, पेपर मागच्या पानापासून वाचते, आणि भांडताना अगदी तुझ्यासारखी एक भुवई वर करते, हे सगळं मी या दोन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. अजून दोन-तीन वर्षं एका घरात काढता आली असती, मग ती नोकरीला जाईल, लग्न करेल, आणि तेव्हा काही कुणी बाबा कुठे उतरू असं विचारणार नाही. एवढंच मला विद्यापीठाकडून हवं होतं, आणि हे कुठल्याही अर्जात लिहायला रकाना नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. गोटीरामांना साटंलोट्याचा खरा अर्थ, म्हणजे खोटा अर्थ, म्हणजे माझा अर्थ कळला, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "मंग बदली बोला ना, भाऊ. मी दोन राती झोपलो नाय." निखिलला तोपर्यंत समजलं की आपलंही लग्न ठरता ठरता राहिलं, आणि पोहे त्याच्या नाकात गेले. रंजिता इतकी हसली की तिला आत नेऊन बसवावं लागलं. हसण्यात मनाली सगळ्यांच्या पुढे. गोजराबाईंनी साडी परत न्यायला साफ नकार दिला आणि ती मनालीच्या हातात ठेवली, इंजिनियर झालीस की नेस म्हणून. जाताना तेजस माझ्याशी पहिल्यांदा बोलला. काका, मी कराडला गेलो असतो, पण मग टुर्नामेंटला बॉलिंग कोण करणार, असं त्याचं म्हणणं.

आज सकाळी मी शेवटचा उपाय म्हणून खिडकीवर जाऊन म्युच्युअलचं विचारून आलो. खिडकीने मला समजावलं की विद्यार्थी हा कर्मचारी नव्हे. वर जाऊ का, असं विचारलं तर म्हणाली, टाकीपर्यंत जाऊन आलात ना. म्हणजे माझी कीर्ती तिथे पसरली आहे. तेव्हा आता सगळं मिटल्यात जमा आहे. पुढच्या सोमवारी मनाली कराडच्या वर्गात हजर झाली नाही तर वर्ष जाईल. ती रविवारी निघेल. गोटीराम स्वतःच्या जीपने कळंबोलीपर्यंत सोडणार आहेत आणि ट्रंक मला उचलू देणार नाहीत.

पत्र फार लांबलं. दाजींच्या गुडघ्याला माझा वेगळा नमस्कार सांग, आणि तुझ्या मशिनच्या खडखडाटातून वेळ काढून दोन ओळी लिही.

तुझा,
सुधीर

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. मनाली राहणार कुठे? मी विचार केला आहे. तीन मशिनांपैकी खिडकीजवळचं जरा भिंतीकडे सरकवलं आणि कापड बेतायचं टेबल बाहेरच्या खोलीत नेलं, तर कॉट बसेल. दुपारी क्लासच्या वेळी ती कॉलेजातच असते. आभाराच्या त्या पत्रात मी जबाबदारी संपली असं लिहिलं होतं, ते रद्द समजावं. कारण अपरिहार्य.

आणखी ता. क. : हे फक्त तुला आणि दाजींना. आमच्या कराड शाखेत दिलीप म्हणून एकजण आहे, त्याला नवी मुंबईत यायचं आहे. मी त्याला म्युच्युअलसाठी लिहिलं आहे. मुलगी इकडे येत नाही तर बाप तिकडे जाईल. तुमच्या गल्लीत मला एक खोली मिळते का बघा. सुमेधाला एवढ्यात बोलू नका, मी योग्य वेळ बघून सांगेन.

ती. वन्संना सुमेधाचा नमस्कार. पत्र टेबलावर उघडं ठेवून हे भाजी आणायला गेले आहेत, आणि ते म्हणतात ती योग्य वेळ हीच असावी. आत्ता कुठे या माणसाला घरात साखरेचा डबा कुठे असतो हे कळायला लागलं आहे. तो गेला की दारावर चार नावं आणि आत दोन माणसं, मी आणि दहावीतला निखिल (आणि ते बोंबील). खोली मिळत नाही असं कळवा. मी वाचल्याचं त्यांना सांगू नका. सा. न. दाजींना तेल नको, गरम पाण्याची पिशवी द्या.

प्रिय आत्या, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून घाईत. मशीन सरकवू नकोस. मला हॉस्टेलमध्ये खोली मिळाली आहे, माझ्या वर्गातल्या अनघाने परवाच फोन करून सांगितलं. खरं सांगू? बोर्डावरचा तो कागद वाचला तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कारण माझ्या मैत्रिणी, माझं वर्कशॉप, सगळं तिकडेच आहे. पण बाबांनी पाटी लावली होती, मग मी कसं सांगणार? तेवढं रविवारी मला जेवायला बोलावत जा. आणि बाबांना काही झालं तरी तिकडे येऊ देऊ नकोस. दिवाळीला कुठे उतरायचं हे मला आयुष्यात पहिल्यांदा माहीत आहे. ते तिकडे आले तर मला पुन्हा कार्ड लिहून विचारावं लागेल.
तुझी मनाली